गवंड्याची भाषा : एक ऐतिहासिक मागोवा

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहाची डागडुजी करावयाचे ठरले आणि त्या कामाचा हिशेब पाहण्याची जबाबदारी आमच्याकडे आली. आम्ही केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यातले. आजवरच्या नोकरीत बांधकामाची बिले शेकड्यांनी तपासली असतील, परंतु वीट म्हणून कधी हातात धरली नव्हती. निदान आपल्या घरचे काम तरी डोळ्यांनी पाहावे, अशा विचाराने एका रविवारी सकाळी आम्ही सभागृहात जाऊन उभे राहिलो. मागील भिंतीचा गिलावा चालू होता. गवंडी बंगालमधील मालदा जिल्ह्यातून आलेला, मध्यमवयीन व अबोल. एके ठिकाणी पृष्ठभाग खडबडीत दिसला, तेव्हा आम्ही आमच्या हिंदीत त्याला म्हणालो, "यहाँ ज़रा थापी फेर दो." त्याने नम्रपणे मान हलविली, खाली उतरला आणि धोपटण्यासारखा एक लाकडी ठोकळा घेऊन आला. त्याच्या लेखी थापी ती. आम्हांस अभिप्रेत असलेली लोखंडी पात्याची थापी इकडे 'करनी' या नावाने ओळखली जाते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सहकारी मंडळी हसली, आम्हीही हसलो.

पण त्याच सकाळी दुसरी एक गोष्ट घडली. परांचीवरून त्या गवंड्याने आपल्या सोबत्यास हाक मारून 'ओलन' मागितला. सोबत्याने दोरीला अडकवलेले लोखंडी वजन वर दिले. तो आपला ओळंबा होता! ठेकेदार त्यालाच 'साहुल' म्हणत होता. साहुल शब्दाचे मूळ फारसीकडे जाते. मालद्याचा ओलन आणि साताऱ्याचा ओळंबा मात्र संस्कृतातील 'अवलंब' या एकाच मुळाचे अंकुर. ज्या थापीची आम्हांस खात्री होती ती परकी ठरली, आणि ज्याची अपेक्षा नव्हती तो ओळंबा दीड हजार किलोमीटरांवरच्या माणसाच्या तोंडी सापडला. हा काय प्रकार आहे, याचा शोध घेण्याची इच्छा त्या दिवशी झाली. पुढील काही महिने कोश चाळून व जाणकारांस विचारून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही भाषाशास्त्री नव्हे आणि अभियंतेही नव्हे, हे प्रारंभीच नमूद करणे बरे.

बांधकामाच्या शब्दांचा सर्वांत खालचा थर अर्थातच संस्कृत-प्राकृताचा. यज्ञाची वेदी रचण्यासाठी जी 'इष्टका' वापरीत, तिचीच प्राकृतातून आपली 'वीट' झाली. पंढरीचा विठोबा जिच्यावर उभा आहे तीच ही. 'भित्ति'ची भिंत झाली, 'चूर्णा'चा चुना झाला, 'करपत्रा'ची करवत झाली. छपराचा 'वासा' हा मुळात 'वंश', म्हणजे वेळू. पुढे तो सागाचा झाला तरी नाव बांबूचेच राहिले. 'सुतार' म्हणजे 'सूत्रधार'. लाकडावर दोरी ताणून रेघ मारणारा तो सूत्रधार. नाटकाच्या आरंभी रंगमंचावर येतो तोही सूत्रधारच. ज्या समाजाला नाटकाचे इतके वेड, त्याने हे नाते विसरू नये. बंगालीत सुताराला 'छुतार' म्हणतात. तोही याच घराण्यातला.

या थरातील शब्द एकत्र मांडून पाहिले की एक चित्र उभे राहते. खांब, तुळई, वासा, आढे, वळचण, भिंत, पडवी, ओसरी. हे सारे शब्द मिळून जे घर होते ते लाकडी सांगाड्याचे, उतरत्या छपराचे, पावसापावसाचे घर आहे. त्याला जोते आहे, अंगण आहे, परसू आहे. पण त्याला मजला नाही, जिना नाही, कमान नाही आणि गच्ची नाही. याचा अर्थ आपल्याकडे उंच किंवा दगडी बांधकाम नव्हते असा कोणी करू नये. वेरूळचे कैलास लेणे आणि यादवकाळातील देवळे ते सांगण्यास समर्थ आहेत. परंतु सामान्य गृहस्थाच्या घराचे रूप असे होते, हे त्याच्या शब्दांवरून दिसते.

मजला, जिना, कमान आणि गच्ची हे चारही शब्द दुसऱ्या थरातले. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. त्यापुढची सुमारे साडेतीनशे वर्षे दख्खनेत गुलबर्गा, बीदर, अहमदनगर व विजापूर येथे राजधान्या उभारल्या गेल्या. त्यांबरोबर चुन्याच्या पक्क्या कामाची व कमानी-घुमटांची एक नवी परंपरा येथे रुजली. विजापूरचा गोल घुमट १६५६ साली पुरा झाला. त्याच्या घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे. असे काम करताना हाताबरोबर जीभही नवे शिकते. 'कमान' म्हणजे फारसीत धनुष्य. 'जीना' म्हणजे पायऱ्यांची वाट. 'मंझिल' म्हणजे मुक्काम. तिचा आपण 'मजला' केला आणि प्रवासातली 'मजल' निराळी ठेवली. 'गच' म्हणजे चुन्याचा लेप. त्या लेपाने पाणी अडविणारे सपाट छत ती 'गच्ची'. 'गिल' म्हणजे चिखल आणि 'आब' म्हणजे पाणी, त्यांपासून 'गिलावा'. विटांची तांबडी पूड ती 'सुरखी', कारण 'सुर्ख' म्हणजे लाल. सुताराचा 'रंधा' फारसी आहे. त्याचा 'गुण्या' तर फारसीच्याही पलीकडून, कोन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. अरबीतून फरशी, इमारत, बुरूज, खंदक असे शब्द आले. माणसांची नावेही आली. 'बेल' म्हणजे फावडे, ते धरणारा बेलदार. पुढे असणारा तो मुकादम. 'बेगार' म्हणजे वेठ. वेठीने राबणारा तो 'बिगारी'. वेठ गेली, त्याला रोजचा मोबदला मिळू लागला, पण त्याच्या नावावरचा वेठीचा शिक्का मात्र अद्याप पुसलेला नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट मोठी लक्षणीय वाटली. जुन्या वाड्यात आपण बाहेरून आत जाऊ लागलो, तर दर्शनी भागात दरवाजा, दिवाणखाना असे फारसी-अरबी शब्द भेटतात. चौक ओलांडून आत शिरलो की माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठीघर असे शब्द सुरू होतात. श्रीमंतांच्या मुदपाकखान्यासारखे अपवाद सोडले तर ही विभागणी बव्हंशी टिकते. दरबाराशी ज्यांचा संबंध आला त्या पुरुषांच्या वावराची जागा दरबाराची भाषा बोलू लागली, आणि बायकांच्या वावराची जागा आपली जुनी भाषा बोलत राहिली. इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांचा उल्लेख क्वचित येतो, त्या आज्यापणज्यांची सही जणू घराच्या या आतल्या नावांवर आहे.

शब्द बदलण्याचा राजकीय प्रयत्नही आपल्याकडे झाला. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यानंतर शिवछत्रपतींनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' सिद्ध करविला. रघुनाथपंत हणमंते यांनी धुंडिराज व्यास यांच्याकरवी तो तयार करविला. त्याचे दहा वर्ग असून त्यांतील 'दुर्गवर्ग' किल्ल्यासंबंधीच्या शब्दांचा आहे. राज्य आपले, तर त्याची भाषाही आपली हवी, हा त्यामागील विचार थोर होता. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात जो शिलालेख आहे तोही संस्कृत असून त्यात वापी, कूप, तडाग, स्तंभ अशी गडावरील बांधकामे सांगितली आहेत. त्याच मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराचे नाव मात्र साध्या मराठीत आहे.

पण गडावर राबणाऱ्या हातांनी काय केले? नगारखान्याला ते नगारखानाच म्हणत राहिले. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ले बांधण्याविषयी प्रकरण आले. आधी पाणी पाहावे व मगच किल्ला बांधावा, ही त्यातली शिकवण प्रसिद्ध आहे. त्या आज्ञापत्रातही दरवाजा आणि बुरूज हे शब्द निःसंकोचपणे वावरतात. पुण्यात थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. आरंभीच्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आला, असे सांगतात. त्या वाड्याच्या उत्तरेकडील मुख्य द्वाराला दिल्ली दरवाजा म्हटले गेले. त्यातील प्रसिद्ध जलयंत्र ते हजारी कारंजे. या जोडनावातील 'हजारी' फारसी व 'कारंजे' कानडीकडचे. दोघांचा संसार मराठीत सुखाने झाला. १८२८ च्या आगीत वाड्याचा लाकडी इमला जळून गेला. जोती, तट आणि दरवाजे उरले. त्यांची नावेही उरली.

तिसरा थर समुद्रावरून आला. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. गोव्यात तर ते १९६१ पर्यंत राहिले. तट आणि चर्चे बांधण्याच्या कामावर स्थानिक माणसेच असणार. पोर्तुगीज 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद, त्याचा आपण 'मिस्त्री' केला. 'गामेला' म्हणजे लाकडी परात, तिचे 'घमेले' झाले. चावी, बिजागरी, बादली, पिंप हे शब्द त्याच वाटेने आले. आठवड्याच्या शेवटी मिळणारा 'पगार'ही त्यांच्याकडचाच. या यादीत एक विशेष दिसतो. फारसीने आपल्याला इमारतीचे भाग दिले. पोर्तुगीजांकडून मुख्यतः हातात धरावयाच्या व दाराला ठोकावयाच्या वस्तू आल्या. येथे पंडिताने पंडिताला शब्द दिलेला नाही, एका कामकऱ्याने दुसऱ्याच्या हातून वस्तू घेतली आणि वस्तूबरोबर तिचे नाव घेतले.

याची गंमत उत्तरेत राहणाऱ्या आम्हां मंडळींस अधिक कळते. हिंदीतील 'कमरा' आणि 'अलमारी' हे शब्द मूळचे पोर्तुगीज आहेत. बंगालीतील 'जानाला'ही पोर्तुगीजच. आणि पोर्तुगीजांना खेटून दोन शतके राहिलेल्या मराठीने मात्र आपली खोली सोडली नाही, खिडकी सोडली नाही. अलमारीऐवजी तिने 'कपाट' घेतले. मूळ संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी; हिंदीत तो अर्थ आजही आहे. आमची कन्या लहान असताना वर्तमानपत्रात बद्रीनाथाची कपाटे उघडल्याची बातमी वाचून, देवाचे कपडे इतके महिने कपाटात का ठेवतात, असे तिने विचारले होते. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या आपल्या मुलांचे हे असेच व्हावयाचे.

चौथा थर इंग्रजीचा. १८५४ साली सरकारी बांधकाम खाते स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुण्यात त्या खात्यासाठी माणसे तयार करणारी शाळा निघाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. याच कालखंडात दूरचा माल सर्वत्र जाऊ लागला आणि गावांची नावे मालाला चिकटली. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आपण कौलांनाच 'मंगळूरी' म्हणू लागलो. शहाबादची फरशी 'शहाबादी' झाली, कडप्प्याचा काळा दगड नुसता 'कडप्पा' झाला. १९१४ साली पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंट निघू लागले. सिमेंटच्या मागोमाग बीम, कॉलम, सेंट्रिंग आणि स्लॅब आले. बैलाने फिरवावयाची चुन्याची घाणी हळूहळू थांबली.

इंग्रजी अंमलातला एक शब्द आमच्या खात्याच्या जिव्हाळ्याचा आहे. तो म्हणजे 'ब्रास'. शंभर घनफूट वाळू किंवा खडी म्हणजे एक ब्रास, सुमारे २.८३ घनमीटर. मुंबई इलाख्याच्या व्यवहारात रूढ झालेले हे माप महाराष्ट्रात आजही ट्रकवाल्याच्या तोंडी आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, आमच्या कागदांवर घनमीटर आले, पण वाळू ब्रासनेच विकली जाते. येथे उत्तरेत मात्र ब्रास म्हटले की लोक पितळेची तोटी दाखवितात!

आपल्या भाषेने या काळात नुसते उसने घेतले असेही नाही. लोखंडाची पन्हाळी चादर आली तेव्हा तिने पानाला असलेला जुना शब्द तिला दिला. 'पत्र' म्हणजे पान, त्याचा 'पत्रा' झाला. पाण्याची लोखंडी नळी आली तेव्हा बोरूच्या जातीच्या गवताचे 'नळ' हे नाव तिला मिळाले. हे शब्द कोणा समितीने ठरविलेले नाहीत. समित्यांचे कामही आवश्यक असते. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने व १९६१ पासून केंद्राच्या परिभाषा आयोगाने मोठे काम केले आहे. कागदावर नेमकेपणा हवाच. पण महाराष्ट्र शासनाचे 'सार्वजनिक बांधकाम' हेच केंद्राच्या कागदांत 'लोक निर्माण' असते, 'प्रबलित काँक्रीट' फाइलीत राहते आणि परांचीवरचा माणूस आर.सी.सी. म्हणतो. तीन शतकांपूर्वी राजव्यवहारकोशाला जो अनुभव आला तोच आजही येतो. कामाच्या जागेवर शब्द हुकमाने येत नाही आणि हुकमाने जातही नाही. तो हाताबरोबर येतो, आणि ती वस्तू जाते तेव्हाच तोही जातो.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही काही दिवस अडून राहिलो, कारण त्याचा प्रत्यय आमच्याच घरी आला होता. सातारा जिल्ह्यातील आमचे वडिलोपार्जित घर २०१६ साली भावंडांनी मिळून विकले. राहण्यास कोणी नव्हते, आढे खचले होते. निर्णय योग्यच होता. खरेदीखतात 'जोत्यासह इमला, परसू व आड' असे शब्द होते. कन्येने ते वाचून एकेकाचा अर्थ विचारला. आम्ही उत्साहाने कागद घेतला आणि घराचा नकाशा काढून नावे लिहू लागलो. ओसरी, माजघर, बळद, कोनाडा, फडताळ, अडसर. माजघरावरच्या लाकडी छताशी आलो आणि हात थांबला. ज्या तुळया आणि फळ्या पाहत लहानपणी निजलो, त्यांचे नाव आठवेना. अखेर साताऱ्यास आत्याला फोन केला. ती तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. "अरे, कडीपाट तो! कडीपाट विसरलास?" ती म्हणाली. पुढच्याच वर्षी आत्या गेली. तो फोन आणखी वर्षभराने केला असता, तर कागदावर ती जागा कोरीच राहिली असती.

आपल्या म्हणींतून हे घर अद्याप उभे आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असे आपण मुलांना सांगतो. मुले स्लॅबच्या सदनिकेत वर पाहतात आणि त्यांना मोजण्यास काही सापडत नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे म्हणावे तर वळचण कोठे आणि आढे कोठे? घर फिरले की वासे फिरतात, ही म्हण आता अशी खरी झाली आहे की घराबरोबर वासेही गेले आणि त्यांची नावेही चालली.

आमचा आग्रह शुद्धीचा नाही. ज्या भाषेने इष्टका, गिलावा, घमेले आणि स्लॅब एकाच भिंतीत लावले, तिला शुद्धीचे धडे आम्ही काय द्यावेत? परप्रांतात आलेल्या आपणां कुटुंबांची अवस्थाही याहून निराळी नाही. आपणही येथे कामासाठी आलो, येथले शब्द घेतले, आपले काही दिले. मुलांनी स्लॅबला स्लॅबच म्हणावे. पण जे घर आता नाही, त्याच्या शब्दांना दुसरा आसरा नाही. ते बोलण्यातून टिकणार नाहीत, कारण बोलण्याचे कारण उरलेले नाही. ते लिहूनच ठेवावे लागतील.

मोल्सवर्थने १८३१ साली आपला कोश छापला तेव्हा अशा व्यवहारातील शब्दांना त्यात जागा दिली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात ते काम पुढे नेले. परंतु कोशातील 'बळद' म्हणजे आपल्या घरातले बळद नव्हे. ते कोणत्या भिंतीत होते, त्यात काय भरीत, लहानपणी त्यात लपून कोणी मार खाल्ला, हे कोश सांगू शकत नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. मंडळाच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. ज्यांना आपले गावाकडचे घर आठवते त्यांनी तीत त्याचा साधा नकाशा काढावा आणि प्रत्येक भागाला घरात जे नाव होते तेच लिहावे. कोकणातील पडवी, कोल्हापूरकडचा सोपा, मराठवाड्यातील माळवद, विदर्भातील आपल्या घरचे शब्द, सर्व येऊ द्यावेत. कोणते बरोबर हा वाद नको. ज्यांना आठवत नसेल त्यांनी आपल्या आत्यांना आजच फोन करावा. आमचा नकाशा पहिल्या पानासाठी तयार आहे.

सभागृहाचे काम आता पुरे झाले आहे. शेवटच्या दिवशी आम्ही त्या गवंड्याला 'ओळंबा' हा आमचा शब्द सांगितला. त्याने तो दोनदा उच्चारून पाहिला आणि हसून ओलन आमच्या हाती दिला. आम्ही तो भिंतीला लावून पाहिला. भिंत सरळ होती. बिल मंजूर करण्यापूर्वी काम स्वतः तपासण्याचा योग सेवेत प्रथमच आला, तो मंडळामुळे.